तिसऱ्या पंगतीला मठ्ठा नव्हता

लोणचं खराब नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे सांगता येईल. मागच्या गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या महाप्रसादाला गेले होते. बँकेत बदली होऊन नुकतीच जबलपूरला आलेली एक मुलगी माझ्या शेजारी जेवायला बसली. पानात लोणच्याची प्लास्टिकची पुडी पडली तेव्हा मी सहज म्हटलं, "घरचं नाही का गं आणत कोणी?" तर ती आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, इथे घरचं लोणचं चालत नाही. फार पूर्वी कुठल्याशा बाईच्या लोणच्यानं सगळ्यांना विषबाधा झाली होती म्हणे. तेव्हापासून नियमच आहे." कुठल्याशा बाईच्या!  ती कुठलीशी बाई मीच, आणि तेव्हा मी बाईसुद्धा नव्हते, सतरा वर्षांची होते.  घरी आले, नातवाची अर्धी कोरी वही काढली आणि लिहायला बसले. माझं शिक्षण सातवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. जे घडलं ते चुकणार नाही.

माझं गाव वर्धेकडचं. सातवीनंतरची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि नाल्याला पूल नव्हता, एवढ्यावरच माझी शाळा संपली. कोणी मारून-मुटकून काढली नाही, कोणी रडलंही नाही. तीन-चार वर्षं घरीच काढली, तेवढ्यात तिकडे जबलपूरला माझ्या मावशीची तिसऱ्या बाळंतपणात कंबर धरली होती, घरात तीन लेकरं, आणि मावसाजी फॅक्टरीत. आई म्हणाली, "जा, तिले हात होईल अन् तुया पोटाचंही भागेल." त्यात पोटाचा भाग मला जास्त ऐकू आला. त्या घरात मी पाच वर्षं राहिले, आणि पाचही वर्षं आपण इथे जास्तीच्या आहोत ही धाकधूक माझ्या पाठीशी झोपायची, पाठीशी उठायची. फॅक्टरीचा पहिला भोंगा व्हायच्या आत माझा केर निघालेला असायचा. भोंगा, मग शेजारच्या चौबेंच्या नळाची घरघर, मग गल्लीत "आलू लो, भटा लो" म्हणत येणारा भाजीवाला. त्या आवाजांनी दिवस सुरू व्हायचा आणि प्रत्येक आवाजाच्या आधी माझं एक काम झालेलं असायचं. पोळ्या करताना मी मनात मोजायची. सगळ्यांच्या झाल्यावर माझ्या दोनच. मावशीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं तिसरी पोळी माझ्या ताटात आपटली आणि म्हणाली, "उपाशी राहून माझं नाव खराब करून राहिली का व?" अशी ती. तिचं प्रेम नेहमी आपटल्यासारखं यायचं. पण आलं. तिनं मला स्वतःचं लुगडं फाडून परकर शिवून दिला, तापात माझ्या उशाशी बसली. त्या घराचं मीठ मी खाल्लंय आणि ते मी विसरणार नाही, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. कारण पुढे मी मावशीबद्दलही कडू लिहिणार आहे.

माझ्यापाशी देण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे आईनं शिकवलेलं टिकवणं. आमच्या गावात बर्फ नव्हता, वीज येऊन-जाऊन. जे टिकवायचं ते उन्हानं, मिठानं आणि कोरड्या हातानं. आई लिंबं धुऊन फडक्यावर पसरायची आणि एकेक पुसायची, बाळाचं अंग पुसावं तसं. बरणी धुऊन दोन दिवस उन्हात पालथी, मग सुलटी. आत बोट फिरवून बघायचं, बोट ओलं लागलं तर पुन्हा ऊन. लोणच्यात ओला चमचा गेला की पाहुण्यादेखत ओरडायची, मग तो पाहुणा जावई असो. रात्रीचं वरण सकाळी उकळी फुटल्याशिवाय ताटात नाही. ताक मातीच्या नाहीतर कल्हईच्या भांड्यात, नुसत्या पितळेत कधीच नाही. "कळकते" एवढंच ती सांगायची. कशानं, का, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण हे ज्ञान नव्हे तर काय? आता माझी सून दुकानातून जे आणते त्यावर छापलेलं असतं की हातमोजे घालून बनवलं. परवा एका मिठाईच्या दुकानात मी हातमोजेवाला बघितला. त्याच मोज्यानं त्यानं नोटा घेतल्या, कान खाजवला आणि त्याच मोज्यानं पेढे भरले. माझ्या आईनं त्याला दुकानाबाहेर काढला असता.

तर मावशीच्या घरी पहिल्याच हिवाळ्यात मी दोन बरण्या लिंबाचं लोणचं घातलं. तेलाचा थेंब नाही; मीठ, साखर, तिखट आणि गच्चीवरचं ऊन. नऊ महिने मुरलं. रंग खजुरासारखा झाला, साल जिभेवर विरघळायची. मावसाजी तोंडाचे मिटलेले, कशाला चांगलं म्हणायचे नाहीत. ते लोणच्याची फोड खाऊन नुसते "हाव", म्हणजे "हो", म्हणाले. त्या "हाव"वर मी आठवडाभर जगले. आणि मावशीनं फुशारकीनं मंडळात सांगून टाकलं की यंदा महाप्रसादाला लोणचं आमच्याकडून.

मंडळ म्हणजे तेव्हा एक हॉल, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची शेड. फॅक्टऱ्यांमधले, रेल्वेतले, सरकारी कचेऱ्यांतले मराठी लोक तिथे जमायचे आणि सणापुरतं एकमेकांशी मराठी बोलायचे. सेक्रेटरी होते मुजुमदारसाहेब, मावसाजींचे फॅक्टरीतले वरिष्ठ. पण मंडळ चालवायच्या त्यांच्या मिसेस, मुजुमदारकाकू. काकू मूळ पुण्याच्या, सदर नावाच्या भागातल्या बंगल्यात राहायच्या, आणि आमच्या बोलण्याला हसायच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या सासूबाईंनी मंडळाला एक पितळी पातेलं दिलं होतं. दोन माणसांनी उचलावं एवढं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. महाप्रसादाचा मठ्ठा त्याच पातेल्यात करायचा आणि ओसरीवर नाव दिसेल असं ठेवून वाढायचा, ही रीत. सासूबाई होत्या तोवर त्या दरवर्षी त्याला कल्हई लावून घ्यायच्या. त्या गेल्या, पातेलं राहिलं, आणि कल्हईची आठवण त्यांच्याबरोबर गेली.

महाप्रसादाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही चारपाच जणी भांडी घासत होतो. काकू आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाहेरून लखलखतंय आणि आत बघा कसं काळपट! लोक ओसरीवर डोकावतात. आतून-बाहेरून सारखं चमकलं पाहिजे." माझ्याकडे बोट केलं, कारण सगळ्यांत लहान मीच. मी म्हटलं, "काकू, आतली ती कल्हई असते. घासली तर जाईल."

"किती शिकलीस गं तू?"

"सातवी."

"मग घास."

बायका हसल्या. माझ्या कानशिलांना आग लागली. आणि मी घासलं. हे मला कोणी नसतं विचारलं तरी मी लिहिलं असतं. चिंच, राख, विटकरीचा भुगा आणि नारळाची शेंडी घेऊन मी त्या पातेल्यात कमरेपर्यंत वाकले आणि रागानं घासलं. इतकं घासलं, की पाठ बघून कोणी म्हणू नये, मावशीकडची पोर आळशी आहे. तो काळवंडलेला पांढरा थर आधी डागाडागांनी गेला, मग सगळा गेला. आत सोन्यासारखं पिवळं दिसायला लागलं. मावशी पलीकडे परात घासत होती. ती परात हातात घेऊनच उठून आली, आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग काकूंकडे. आणि म्हणाली, "पुरे आता." एवढंच. काकू मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा! मनात आणलं तर येतं की!" आणि देवासमोर खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मठ्ठा झाला. आलं, हिंग, कोथिंबीर, जिरं. स्वयंपाकाला दुबे महाराज, इथलेच, त्यांनी सवयीनं डाव उचलून तळहातावर थेंब घेतला तर काकू किंचाळल्या, "अहो महाराज, नैवेद्य व्हायचाय! उष्टं करता?" महाराजांनी हात धोतराला पुसला. मला हळूच म्हणाले, "हम तो बिना चखे परोसते नहीं बिटिया, पर तुम लोगों का रिवाज तुम जानो।" नैवेद्याआधी चाखायचं नाही. बरं. पण नैवेद्य कधी? तर फॅक्टरीतले मोठे साहेब आरतीला यायचे होते. ते दहाला येणार होते, आले दीडनंतर. भाद्रपदातला तो उकाडा, अंगाला कपडा चिकटतो असा, आणि आंबट मठ्ठा नागव्या पितळेत पाच-साडेपाच तास. देव थांबला, कारण साहेब आले नव्हते. देवाची हरकत नसावी. हरकत पोटांची होती.

पहिल्या पंगतीला पाहुणे, पुरुष आणि लहान मुलं. दुसरीला बायका. तिसरीला आम्ही: राबणारे, वाढणारे, दुबे महाराज आणि त्यांचे जिलबीवाले, हॉलचा चौकीदार रामदीन, त्याची बायको-पोरं. दुसरी पंगत उठली, आमची तिसरी जेवत होती, तोच पहिल्या पंगतीतलं एक पोर ओसरीवर ओकलं. मग दुसरं. मग एक काका सायकल सोडून गटारापाशी बसले. तासाभरात हॉलभर पोटं धरलेली माणसं, आणि बायका "अगंबाई, अगंबाई" करत पदरांनी वारा घालतायत. काकू स्वतः दोनदा ओकल्या. बहुतेक जण संध्याकाळपर्यंत मीठ-साखरेच्या पाण्यावर सावरले. पण काकूंचा चार वर्षांचा नातू नाही सावरला. तो दोन वाट्या मठ्ठा प्यायला होता, कारण त्यात साखर घालून दिली होती. त्याला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, आणि दोन दिवस त्याचं नाव घेताना सगळ्यांचे आवाज बारीक व्हायचे. मीही घाबरले होते. 

नातू सलाईनवर असताना माणूस कोणालातरी धरतोच, हे मला आता आजी झाल्यावर कळतं. पण धरलं मला. "ते घरचं लोणचं! नऊ महिन्यांचं! त्या खेडवळ पोरीच्या हातचं!" कोणी पहिल्यांदा म्हटलं माहीत नाही, पण अंधार पडायच्या आत सगळे म्हणत होते. जिलबी बाजारातल्या कारागिरांनी केली, भात महाराजांनी, मठ्ठा काकूंच्या पातेल्यातला. राहिलं कोण? माझ्या दोन्ही बरण्या शेडमागच्या गटारात उलट्या झाल्या. मी तिथेच उभी होते. लिंबाच्या फोडी काळ्या पाण्यात सोनेरी दिसत होत्या. नऊ महिन्यांचं ऊन होतं ते, आणि एकानंही ओतण्याआधी एक फोड जिभेवर ठेवली नाही, वास घेतला नाही. लोणच्यानं माणूस तासाभरात ओकत नाही हो! एवढं साधं. ज्या देशात घरोघरी लोणचं, तिथल्या शिकल्यासवरल्या बायकांना हे समजू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला मात्र मलाच बोलावलं. विष कालवणारी मी, पण खरकटं काढायला चालते. पातेलं आडवं केलं आणि मला आत मठ्ठा जिथवर होता तिथे एक रेघ दिसली. हिरवट-निळी, मोरपिसाच्या कडेसारखी. बोट लावलं, बोट हिरवं झालं, ते परकराला पुसलं. आईचं "कळकते" त्या क्षणी मला दिसलं. आणि दुसरं आठवलं: कालच्या आमच्या पंगतीत दुबे महाराज द्रोण वाजवत ओरडले होते, "मठ्ठा खतम! पानी पियो!"

मावसाजी त्या संध्याकाळी घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. चप्पल न काढताच म्हणाले, "मुजुमदारसाहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, रविवारी मीटिंग आहे, पोरीनं सगळ्यांसमोर माफी मागायची. अन् मग तिला गावी पाठवा, विषय वाढवायचा नाही." मावशी लेकराला भरवत होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "मावशी, लोणच्यानं नाही झालं. तुले माहीत आहे कशानं झालं."

"मले काही माहीत नाही."

"तू आत बघितलं होतं."

"चूप राह्य. साहेबाच्या हाताखाली ह्यांले अजून किती वर्षं काढायची आहेत, ठाऊक आहे का तुले? दोन शब्द बोल, पाया पड, मोकळी हो. माफी मागून कोणाची जीभ झिजत नाही."

"अन् गावी?"

तिनं लेकराच्या तोंडात पुढचा घास कोंबला. मावसाजींनी आंतरदेशीय पत्र काढलं आणि आईला लिहायला बसले. गावी मी गेले असते. भूक काही मला नवीन नव्हती. पण त्या पत्रात कारण लिहिलेलं असणार होतं. गावात ते वाचून दाखवलं गेलं असतं, आणि मग माझ्या हातचं पाणी कोण प्यालं असतं? ज्या मुलीपाशी शाळा नाही, पैसा नाही, तिच्यापाशी तिच्या हाताचं नाव तेवढं असतं. तेच जाणार होतं. आणि मावशी, जिनं मला तिसरी पोळी आपटून वाढली, ती ते जाऊ देत होती. त्या रात्री मी तिच्यावर जेवढी चिडले तेवढी काकूंवरही नाही.

सकाळी भाजी आणायचं निमित्त करून मी निघाले. कमानिया गेटजवळच्या बोळात एक म्हातारे कल्हईवाले बसायचे, चाचा म्हणायचे सगळे त्यांना. त्यांना पातेलं सांगितलं, मठ्ठा सांगितला, परकरावरचा हिरवा डाग दाखवला. मुद्दाम धुतला नव्हता. त्यांनी भाता थांबवला. म्हणाले, "या अल्लाह, पीतल में खट्टा, और बीच में राँगा नहीं? बिटिया, फिर दोनों एक-दूसरे को खाते हैं। और जो पिए, उसका पेट खाते हैं।" राँगा म्हणजे कल्हईचं कथील. मी विचारलं, "मग मंडळातल्या बायकांना कसं कळलं नाही?" हसले. "स्टील का ज़माना है। हमें ही कौन पूछता है।"

तिथून मी घरी गेले नाही. तिसऱ्या पंगतीतल्या माणसांकडे गेले. एकेकाला विचारलं: लोणचं खाल्लं का, मठ्ठा प्यायला का, काही झालं का. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं नावं लिहिली. महाराज म्हणाले, "अचार तो मैं पुड़िया में घर भी ले गया, बच्चों ने खाया।" रामदीनची बायको म्हणाली, "हमें क्या होना है दीदी, हमें तो बचा-खुचा मिलता है।" ते तिनं हसत म्हटलं. मला हसू आलं नाही. शहाण्यासुरत्यांच्या पंगती पहिल्या, म्हणून तेच आडवे झाले. आणि ज्यांच्यापर्यंत मठ्ठा उरला नाही ते धडधाकट. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं की कोण आजारी पडलं नाही.

रविवारी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे. नातू आदल्या दिवशीच घरी आला होता, काकूंच्या मांडीवर पेरू खात होता, आणि त्याला बघून मला खरंच रडू आलं. लोकांना ते पश्चात्तापाचं वाटलं. मुजुमदारसाहेब म्हणाले, "हं, ये मुली. घाबरू नकोस. दोन शब्द बोल आणि संपव." मी उभी राहिले.  कागद काढला.

"तिसऱ्या पंगतीला आम्ही बावीस जण होतो," मी वाचलं. "बाविसांनी लोणचं खाल्लं. कोणालाच काही झालं नाही. रामदीनभैयांनी तर तीनदा घेतलं."

दारातून आवाज आला, "चार बार, बिटिया।"

कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढे वाचलं, "आम्हाला मठ्ठा मिळाला नाही. संपला होता. जे जे आजारी पडले ते सगळे मठ्ठा प्यायले होते."

काकूंनी नातवाला मांडीवरून उतरवलं. "म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाच्या भांड्यात विष होतं म्हणायचंय का तुला?"

"विष नव्हतं काकू. कल्हई नव्हती."

"कल्हई नव्हती? आमच्या सासूबाई दरवर्षी..." आणि त्या थांबल्या. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली ते त्यांच्या चेहऱ्यावर मोजलं जात होतं. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि घासलं कोणी ते? सांग ना सगळ्यांना! घासलं कोणी?"

 मला वाटलं, मेले.

"मी घासलं," मी म्हटलं. "राख आणि विटकर लावून मीच कल्हई घालवली. मला माहीत होतं तरी घासलं. त्याची माफी मागते, तुमची आणि बाळाची. लोणच्याची मागणार नाही."

"बघा! कबूल केलं!" काकू म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीतल्या दोनतीन माना हलल्यासुद्धा. तेव्हा मागून, बायकांतून, मावशीचा आवाज आला. ती कंबर धरून उठत होती, तिला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ सगळे तिच्याकडे बघत राहिले. "पोरगी नाही म्हणत होती," ती म्हणाली. "काकू, तुम्हीच म्हटलं, घास. मी तिथंच होती. आतून पितळ उघडं पडलं ते मलेही दिसलं अन् मी बोलली नाही. काहून नाही बोलली, ते तुमच्या साहेबाले माहीत आहे अन् माझ्या नवऱ्याले माहीत आहे." आणि बसली.

वाचणाऱ्याला वाटेल, मग कोणीतरी उठून माझी माफी मागितली. छे! मुजुमदारसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, बरं. झालं ते झालं. पुढचा विषय, विसर्जनाचा ट्रक." जाता जाता एक ठराव झाला: यापुढे महाप्रसादात घरचं लोणचं घ्यायचं नाही. पातेल्याबद्दल एक अक्षर नाही. ते गुपचूप माळ्यावर गेलं, कारण त्यावर नाव होतं. लोणच्यावर कोणाचं नाव नव्हतं. म्हणून आज बँकेतली ती मुलगी मला नियम सांगते. नैवेद्याआधी चाखायचं नाही हा नियम आहे, साहेब येईपर्यंत अन्न ताटकळत ठेवायचं हाही जवळजवळ नियमच आहे, आणि त्यांच्याबद्दल ठराव झालेला मी अजून ऐकला नाही.

महाराजपूरच्या आमच्या घराकडे आम्ही चालत निघालो. ऑटो करू म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, कारण मावशी कंबर धरून सगळ्यांच्या पुढे तरातरा चालली होती. मावसाजी मागून म्हणाले, "साहेब उद्या बोलावतील."

"बोलावू द्या," ती मागे न बघता म्हणाली.

 मग कॉलनीच्या वळणावर ती थांबली, माझ्याकडे वळली. डोळे लाल, चेहरा मारायला उठल्यासारखा. "अन् तू व. चारचौघांत मले तोंड उघडायला लावलं. आता मंडळात कोण बोलेल माझ्याशी? काकू तर जन्मभर नाही बोलणार." तिला धाप लागली होती. "एवढं करून आता गावाले जायचं नाव जरी काढलं, तर तंगडी तोडून घरात बसवीन. समजलं?"

"बरं," मी म्हटलं. इतक्या आनंदानं कोणाचं ऐकल्याचं मला पुन्हा आठवत नाही.